अहमदनगर जिल्ह्यातील वनव्यवसाय

अहमदनगर जिल्ह्यातील वनव्यवसाय : क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या (१७,०४८ चौ. किमी.) अहमदनगर जिल्ह्यात झाडे तोडणे, छाटणे, लावणे व राखणे, तसेच लाकूड, साल, फळे, डिंक, कोळसा व गवत विकणे या कामांवर चालत आलेला व्यवसाय. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. ठाणे, धुळे किंवा चंद्रपूर या जिल्ह्यांप्रमाणे इमारती सागाची विस्तीर्ण वने येथे नाहीत. त्यामुळे मोठे ठेकेदार, सरकारी लाकूड आगारे व त्यांतील लिलाव यांचा इतिहास येथे फारसा आढळत नाही. येथील इतिहास आहे तो मुख्यतः नदीकाठच्या बाभूळबनांचा, माळावरील गवताचा, अकोले तालुक्यातील हिरड्याचा आणि गेल्या पन्नास वर्षांत उजाड टेकड्यांवर खोदल्या गेलेल्या चरांचा. कुऱ्हाडीवर पोट भरणारा मजूर त्याच टेकडीवर कुदळीवर पोट भरू लागला, हा या इतिहासातील मुख्य बदल होय. या बदलाचे लाभ पुष्कळ सांगितले गेले आहेत. त्याची किंमत कोणी दिली याची नोंद त्या मानाने कमी झाली.

पार्श्वभूमी : जिल्ह्याचा पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीत मोडतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), हरिश्चंद्रगड व रतनगड याच भागात आहेत. घाटमाथ्यावरील घाटघरचा पाऊस राज्यातील अत्यधिक पावसांपैकी असून तेथून पूर्वेस काही तासांच्या वाटेवर तो झपाट्याने घटतो. नगर, पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो सामान्यतः ५००–६०० मिमी.च्या आसपास व अवर्षणात त्याहून पुष्कळच कमी असतो. साहजिकच एका जिल्ह्यात दोन वेगळे वनव्यवसाय निर्माण झाले. घाटाकडे हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, आंबा, करवंद व कारवी. देशाकडे बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर, चिंच, पळस, तरवड व तुरळक चंदन. पूर्वेकडे कागदोपत्री वन म्हणून नोंदलेल्या जमिनीचा पुष्कळसा भाग प्रत्यक्षात गवताळ माळ किंवा काटेरी झुडुपांचा आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय येथील कोणत्याही काळातील वनविषयक धोरणाचा अर्थ लागत नाही.

बाभूळबने व गावगाडा : भीमा, घोड, सीना, मुळा व प्रवरा या नद्यांच्या काठी आणि काळ्या जमिनीच्या बांधांवर वाढणारी बाभूळ हे देशावरील शेतीचे खरे लाकूड होते. नांगराचे हळस व रुमणे, कुळव, पाभर, जू, गाडीच्या चाकाचा तुंबा व आरे हे सर्व बाभळीचे असे. लाकूड जड, चिवट व टिकाऊ. मात्र ते ताजे वापरल्यास तडकते, म्हणून सुतार ते काही काळ पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवीत. गावचा सुतार बलुतेदार असल्याने अवजारांच्या दुरुस्तीची मजुरी त्याला सुगीला धान्यात मिळे, पण लाकूड शेतकऱ्याने पुरवावयाचे अशी सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे बांधावरची बाभूळ ही कुणब्याची एक प्रकारची ठेव असे. लग्न, आजारपण किंवा बैल मरणे अशा प्रसंगी ती उभी विकली जाई. विकत घेणारा व्यापारी झाड नजरेने जोखून उक्ती किंमत ठरवी आणि तोडणारी माणसे स्वतः आणी. तोडलेल्या झाडाचे खोड सुताराकडे किंवा करवत्यांच्या जोडीकडे, जाड फांद्या शहरातील वखारीत, काटेरी शिरी कुंपणाला आणि शेंगा शेळ्यांना अशी वाटणी होई. साल कातडी कमावणारे कारागीर नेत. बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा या तीन वस्तूंवर देशावरील चर्मोद्योग दीर्घकाळ अवलंबून होता.

बाभूळ तोडली, की तिच्या बुंध्याला पुन्हा चांगले फुटवे येत नाहीत. बन टिकवावयाचे तर बियांपासून नवी रोपे आली पाहिजेत. बाभळीचे कठीण कवचाचे बी शेळीच्या पोटातून गेल्यावर लवकर रुजते. त्यामुळे वनखात्यातील जुनी माणसेही पेरणीसाठी शेळ्यांच्या वाड्यातील बी पसंत करीत. पुढे ज्या शेळीला वनाचा शत्रू ठरविण्यात आले, तिचे बाभूळबनाशी नाते इतके एकेरी नव्हते.

या व्यवसायाची उतरण एकदम झाली नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये निघाला व सावकाश पसरला. नंतर रबरी चाकांची ‘डनलॉप’ गाडी आली आणि अखेर ट्रॅक्टर. लाकडी अवजार मागे पडताच बांधावरच्या बाभळीचे मोलही जळणापुरते उरले. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी बांधावरची सावली शेतकऱ्याला नकोशी झाली. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. या पट्ट्यातील बाभळी किती झपाट्याने गेल्या, हे जुन्या पिढीतील शेतकऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते.

राब व वनकायदा : मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये पहिले वनसंरक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव व संरक्षित वने ठरविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याच सुमारास १८७६-७७ चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांतून धोंड–मनमाड लोहमार्गाचे मातीकाम झाले आणि १८७८ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला होऊन अहमदनगर लोहमार्गावर आले. सरपण व लाकूड दूरच्या बाजारात पोहोचण्याची सोय आणि वनावरील सरकारी मालकी या दोन्ही गोष्टी जिल्ह्यात जवळजवळ एकदमच आल्या.

अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी व ठाकर शेतकऱ्यांना हा बदल सर्वाधिक जाणवला. नाचणी, वरई व भात यांची रोपे तयार करण्यासाठी ते राब भाजीत, म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण वाफ्यावर पसरून पावसापूर्वी जाळीत. यासाठी दरवर्षी ऐनासारख्या झाडांची टहाळी उतरविली जाई. झाडावर चढून, शेंडा राखून, बाजूच्या फांद्या कोयत्याने छाटण्याचे हे काम कौशल्याचे होते. तीच झाडे पिढ्यान्‌पिढ्या छाटली जात व जगत. ज्याला आज वृक्षशल्यकर्म म्हटले जाते, त्यातील शाखाछाटणीचा भाग येथील आदिवासी शेतकऱ्यास पूर्वापार अवगत होता. वनखात्याच्या दृष्टीने मात्र ती नासधूस होती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या प्रश्नावरून इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबासाठी कोणती झाडे, किती व कोठे छाटावयाची याबाबत सवलती मिळाल्या, तथापि सवलत म्हणजे हक्क नव्हे. १९३० च्या सविनय कायदेभंगात बागलाण, बिळाशी, चिरनेर इ. ठिकाणांबरोबर या जिल्ह्यातील संगमनेर हेही जंगल सत्याग्रहाचे केंद्र झाले, त्यामागे ही जुनी कुरकुर होती.

हिरडा : घाटाकडील एकमेव मोठे नगदी वनोत्पादन म्हणजे हिरडा. पूर्ण वाढलेल्या फळापेक्षा कोवळेपणीच उतरवून वाळविलेला बाळहिरडा औषधी व्यापारात अधिक भाव खातो. पावसापूर्वीच्या उन्हाळी महिन्यांत घरातील सर्व माणसे या कामाला लागतात. पुरुष व मुले झाडावर चढून फांद्या झोडतात, बायका वेचतात आणि अंगणात किंवा खडकावर फळे वाळत घालतात. शेतीचे काम नसलेल्या दिवसांत हातात येणारा हा पैसा पुढे बी, मीठमिरची व मुलांचे कपडे यांवर खर्ची पडतो. सावकार किंवा गावचा दुकानदार हंगामाआधीच उचल देऊन माल बांधून घेई, ही येथील जुनी व्यथा. तीवर उपाय म्हणून १९७२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले व १९७६ च्या कायद्यानुसार आदिवासी क्षेत्रात एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकारी खरेदीमुळे किमान भावाची हमी मिळाली. परंतु खरेदी केंद्र वेळेवर न उघडल्यास व्यापाऱ्याकडे जाण्यावाचून इलाज नसतो, आणि तो ते ओळखून असतो. मालकीच्या जमिनीतील झाडांसाठी १९६९ चा निराळा कायदा असून त्यानुसार आदिवासी खातेदाराच्या झाडांची विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होते. उद्देश फसवणूक टाळण्याचा असला, तरी मोजणी, परवाना व पैसे हाती पडणे यांत लागणारा विलंब हा या पद्धतीचा दोष मानला जातो.

रोजगार हमी : १९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो कुटुंबे खडी फोडण्याच्या व ताली घालण्याच्या कामांवर होती. त्याच वर्षी राज्यात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. या योजनेने वनखात्याच्या कामाचे स्वरूप बदलले. खड्डे घेणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, रोपे वाहणे, आळी करणे, निंदणी यांसाठी मोठ्या संख्येने मजूर, त्यातही स्त्रिया, वनखात्याच्या मस्टरवर आल्या. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा निर्माण होऊन रस्त्यांच्या, कालव्यांच्या कडेला व गायरानांत लागवड सुरू झाली. सुबाभूळ, नीलगिरी व गिरिपुष्प या काळात गावोगाव पोहोचले. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (१९६८) कोरडवाहू जमिनीतील शेतीवानिकीवर संशोधन हाती घेतले.

टेकडीच्या उतारावर समपातळीत खोदले जाणारे सलग समतल चर हे या काळातील मुख्य काम. चर सामान्यतः ६० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल घेतला जातो आणि खालच्या बाजूस टाकलेल्या मातीच्या भरावावर रोपे लावतात किंवा बी टोबतात. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळते. त्यामुळे मुरमाड टेकडीवर उन्हाळ्यात दिवसभर खपूनही मऊ जमिनीवरील मजुराइतके दाम पदरी पडत नाही. हे मोजमाप घेणारा कारकून व मजूर यांच्यातील वाद हा रोजगार हमीच्या इतिहासातील एक न संपणारा अध्याय आहे.

कुऱ्हाडबंदी व चराईबंदी : लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस परतले. तेथे पाणलोट विकासाबरोबर नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान ही पंचसूत्री आकारास आली. १९८६ मध्ये त्यांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. १९९४ पासून आदर्श गाव योजनेखाली तेथील उघड्या टेकड्यांवर चर, बांध व लागवड झाली. पूर्वी वनखात्याचा माणूस पाहुणा म्हणूनही नकोसा असलेल्या या गावाने वनखात्याच्या जमिनीचे राखण स्वतःकडे घेतले. गुरे मोकळी न सोडता ठरावीक शुल्क भरून विळ्याने गवत कापून न्यावयाचे, हा नियम येथे विशेष यशस्वी झाला. गवत वाढले व त्याबरोबर दूधही वाढले. २००७ चा राष्ट्रीय जलपुरस्कार आणि २०२० मध्ये पवार यांना मिळालेली पद्मश्री ही या कामाची सार्वजनिक पावती होय. राज्याच्या संयुक्त वनव्यवस्थापनाच्या १९९२ च्या निर्णयाला व नंतरच्या संत तुकाराम वनग्राम योजनेला या गावांच्या अनुभवाचा आधार मिळाला.

परंतु चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी गाय व विहीर आहे, त्याला कापलेले गवत पुरते. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत व जमीन नाही, त्याची टेकडी बंद होणे म्हणजे त्याचे दुकान बंद होणे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अहमदनगर येथे १९९३ मध्ये फादर हर्मन बाखर व क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या साहाय्याने तेथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या या गावात ठेलारी मेंढपाळांची वस्ती आहे. वनजमीन एकदम बंद करण्यास त्यांचा विरोध होता व तो रास्तही होता. अखेर सर्व डोंगर एकाच वेळी न रोखता टप्प्याटप्प्याने रोखावयाचा, एक भाग बंद असताना दुसरा चराईस खुला ठेवावयाचा, असा तोडगा निघाला. काम त्यामुळे लांबले, पण गावाबाहेर ढकलले जाण्याची वेळ मेंढपाळांवर आली नाही. जिल्ह्यातील इतर अनेक गावांत इतकी सबुरी दाखविली गेली नाही. तेथील शेळ्यामेंढ्यांची संख्या घटली याकडे यश म्हणूनच पाहिले गेले. त्या शेळ्या कोणाच्या होत्या हे विचारले गेले नाही.

लागवडीचा उत्साह कधीकधी चुकीच्या जागीही खर्ची पडला. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये २·१७ चौ. किमी.चे छोटे अभयारण्य झाले आणि १९७९ च्या माळढोक अभयारण्याच्या कक्षेत सोलापूरबरोबर या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे व नेवासे हे तालुकेही घेण्यात आले. (त्याचे अवाढव्य क्षेत्र २०१२ मध्ये कमी करण्यात आले.) काळवीट व माळढोक हे दोन्ही उघड्या गवताळ माळाचे प्राणी. माळ म्हणजे उजाड जमीन असे समजून त्यावर झाडे लावल्याने त्यांचे घरच अरुंद होते, अशी टीका तज्ज्ञांनी केली आहे व ती सयुक्तिक आहे. वेडी बाभूळ हे या चुकीचे ठळक उदाहरण होय. धूप थांबविण्यासाठी व सरपणासाठी आणलेले हे परदेशी झाड ओढ्यांच्या काठी व पडीक रानात फैलावले. त्यातून कोळशाचा धंदा मात्र उभा राहिला. झाडे तोडून मातीखाली भट्टी लावावयाची, दिवसरात्र धुरात तिची राखण करावयाची आणि पोती भरावयाची हे काम अंगावर उचल घेऊन आलेली कुटुंबे करतात. देशावरील अशा भट्ट्यांवर कोकणातील कातकरी मजूर दरवर्षी स्थलांतर करून येतात. वनव्यवसायातील सर्वांत कष्टाचे व सर्वांत कमी दृष्टीस पडणारे काम हेच असावे.

वनरक्षक : वनखात्याच्या उतरंडीत उपवनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल, वनरक्षक व वनमजूर असा क्रम आहे. प्रत्यक्ष रानात वावरतो तो शेवटचा दोघांचा वर्ग. वणवा रोखण्यासाठी हिवाळ्याअखेर जाळरेषा काढणे, चोरटी तोड व चंदनाची चोरी पकडणे, रोपवाटिका सांभाळणे ही त्यांची जुनी कामे. गेल्या काही दशकांत त्यांत बिबट्याची भर पडली आहे. प्रवरेच्या खोऱ्यातील ऊस बिबट्याला रानासारखाच वाटतो. अकोले परिसरातील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाट मानवी वस्तीच्या शेतीक्षेत्रात दर १०० चौ. किमी.स सु. ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यामुळे विहिरीत पडलेला बिबट्या काढणे, भयभीत जमावाला आवरणे व नुकसानभरपाईचे पंचनामे करणे यांत वनरक्षकाचा पुष्कळ वेळ जातो.

वस्तीतील झाडे : निजामशाहीच्या काळात खापरी नळांनी पाणी आणून अहमदनगरभोवती फराहबागेसारख्या बागा फुलविल्या गेल्या, त्या राखणाऱ्या माळ्यांची परंपरा शहराला होती. आधुनिक काळात शहरातील झाडांसाठी १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा अधिनियम लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही; २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद झाली. प्रत्यक्ष छाटणी मात्र उक्ते काम घेणाऱ्या टोळ्याच करतात. दोरखंड बांधून फांदी हळूच उतरविणारा कसबी माणूस त्यांत असतो. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालील झाडांवर घाईघाईने चालविली जाणारी करवतही असते. वेडावाकडा छाट पडला, की पाणी मुरून खोड पोखरते, हे जाणणारे थोडे. शिक्षित वृक्षशल्यकाराचा स्वतंत्र पेशा जिल्ह्यात अद्याप रुजलेला नाही. छाटणीचे कसब सध्या टिकून आहे ते फळबागांत : संगमनेरकडील डाळिंबाच्या व राहात्याच्या पेरूच्या बागांत छाटणी करणाऱ्या मजुरांना हंगामात चांगली मागणी असते. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा काही एकरांवर पसरलेला वटवृक्ष याउलट कोणत्याही शस्त्रावाचून वाढला आहे. त्याच्या पारंब्या तोडावयाच्या नाहीत, हा लोकांचा दंडक त्याला पुरला.

अलीकडील स्थिती : १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (सु. ३६२ चौ. किमी.) घोषित झाल्यावर अकोल्याच्या डोंगरातील लाकूडतोडीवर अधिक कडक निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर व गौण वनोत्पादनावर हक्क सांगण्याची संधी मिळाली. दाव्यांचा निकाल रेंगाळल्याने २०१८ मधील नाशिक–मुंबई शेतकरी पदयात्रेत ही मागणी अग्रभागी होती. दरम्यान डोंगरातील तरुणांना पर्यटनाचा नवा धंदा मिळाला. सांदण दरी व रतनगड येथे वाट दाखविणे, तंबू व जेवणाची सोय करणे यांवर अनेक कुटुंबांचा काही महिन्यांचा निर्वाह होतो. मे अखेरीस व जूनच्या आरंभी भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यास शहरी लोकांची झुंबड उडते. काजवे लुकलुकतात ते विशेषतः हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर. त्यामुळे दिवसा बाळहिरडा वाळविणारे घर रात्री पाहुण्यांना त्याच झाडाखाली नेते. गाड्यांचे दिवे व गोंगाट यांमुळे काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येऊ नये, म्हणून वनखात्याने गर्दीवर निर्बंध घातले आहेत आणि त्या निर्बंधांची अंमलबजावणी करणारेही बहुधा त्याच गावांतील तरुण असतात.